पंधरा डिस्कची पेटी आणि तिच्यातले राक्षस

आधी मुद्द्याचं सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते सुटले. लॉर्ड ऑफ द रिंग्ज, म्हणजे टॉल्किनच्या जादूच्या अंगठीच्या कादंबरीवर पीटर जॅक्सनने केलेले तीन सिनेमे, त्यांच्या एक्स्टेंडेड एडिशनची (थिएटरपेक्षा लांबवलेली आवृत्ती) ब्लू-रे पेटी, २०११ साली निघालेली, पंधरा डिस्कवाली, ती कुठे मिळाली तर घ्या. पण जास्तीच्या सीनसाठी घेऊ नका, आतल्या नऊ डीव्हीडींसाठी घ्या, ज्यांच्यावर हे सगळं कसं बनवलं ते तासन्‌तास दाखवलंय. आणि मी ही पेटी बघायला बसले ती एकच गोष्ट डोक्यात ठेवून, की पुस्तकातले राक्षस पडद्यावर आले तेव्हा त्यांचं काय झालं. काहींचं सोनं झालंय, काहींचा पार चोथा, आणि गंमत अशी की जिथे सिनेमा लांबवलाय तिथेच चोथा जास्त. तीन शनिवार-रविवार घालवून अकरा तासांच्या वरचा ऐवज बघितल्यावरचं हे मत आहे, उगाच नाही.

पेटी आली मावसभावाकडून. तो न्यू जर्सीत असतो, घर बदलत होता, आणि बायको म्हणाली असेल एकतर या डिस्क तरी ठेव नाहीतर मला तरी, तर त्याने शहाणपणाने डिस्क बॅगेत टाकून पुण्याला आणल्या. पैसे घेईना. मग परत जाताना आईने दोन किलो थालीपिठाची भाजणी बांधून दिली, व्यवहार फिटला. आत तीन केस आहेत, प्रत्येकीत पाच डिस्क, दोन ब्लू-रे सिनेमाच्या आणि तीन डीव्हीडी मेकिंगच्या. सिनेमा दोन डिस्कवर तोडलाय म्हणजे मध्ये उठून डिस्क बदलायची. पहिल्या सिनेमात हा तोडा एल्फ सरदार एल्रॉन्डच्या सभेनंतर येतो, अंगठी नष्ट करायला निघणाऱ्या नऊ जणांची टोळी ठरते (बुटके हॉबिट फ्रोडो आणि सॅम, जादूगार गॅन्डाल्फ, योद्धे अ‍ॅरागॉर्न आणि बोरोमिर त्यातलेच) आणि डिस्क संपते, म्हणजे जेवायची सुट्टी अगदी योग्य जागी, मोरियाची अख्खी खाण दुसऱ्या डिस्कवर. आम्ही पिठलं-भात खाऊन मोरियात उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि पाचवीतली भाची, जिला मी आधी बजावून ठेवलं होतं की घाबरलीस तर सांग, मी बंद करीन, आणि तिने मला वर सांगितलं होतं की मावशी तूच घाबरशील.

बॅलरॉगपासून, म्हणजे मोरियाच्या खाणीतल्या आगीच्या राक्षसापासून, सुरू करते कारण भांडणं सगळ्यात जास्त त्याच्यावरून आहेत. पुस्तकाचा पहिला भाग १९५४ चा. टॉल्किनने बॅलरॉगचं वर्णन केलंय का, तर केलंय पण आणि नाही पण. एक मोठी सावली, तिच्या मधोमध काळी आकृती, माणसाच्या घडणीची असावी बहुतेक पण मोठी, एका हातात पेटती तलवार, दुसऱ्या हातात अनेक पदरांचा चाबूक, झालं. पंखांबद्दल आधी म्हणतो की सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली, आणि थोडं पुढे जाऊन म्हणतो की पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. आता घ्या. खरे पंख की पंखांसारखी सावली, यावरून जगभरचे वाचक वर्षानुवर्षं एकमेकांच्या झिंज्या उपटतायत आणि अजून निकाल लागलेला नाही. लिहिणाऱ्याला ‘असावी बहुतेक’ म्हणून सुटता येतं हो, कॅमेऱ्याला काय ते एकदा ठरवावंच लागतं. १९७८ च्या अ‍ॅनिमेशन सिनेमात ठरवलं होतं, सिंहासारखं तोंड आणि वटवाघळासारखे पंख, भीती कमी आणि सोंग जास्त.

पीटर जॅक्सनने शिंगं दिली, पंख दिले, आकार पुस्तकापेक्षा कितीतरी मोठा केला, अंगाला भेगा पडलेल्या लाव्ह्यासारखी कातडी दिली. हे डिझाइन जॉन हाउ या चित्रकाराच्या हातचं, जो आधीपासूनच टॉल्किनची चित्रं काढत होता. पण मला आवडतं ते हे सगळं दिसायच्या आधीचं. टोळीला ऑर्कांनी, म्हणजे शत्रूच्या राक्षसी शिपायांनी, चहूबाजूंनी वेढलंय, खांबाखांबांवरून झुरळांसारखे उतरतायत, आणि अचानक लांब कुठेतरी खांबांच्या मागे तांबडा उजेड हलतो, एक गडगड येते, आणि ते हजारो ऑर्क चिडीचूप होऊन पळून जातात. गॅन्डाल्फ डोळे मिटतो. बास. आमची आजी हडळीची गोष्ट सांगायची त्यात हडळ कधी यायचीच नाही, फक्त अंगणात ओल्या पायांचे ठसे असायचे, टाचा पुढे आणि बोटं मागे, आणि आम्ही चार भावंडं रात्रभर एका गोधडीत. हा सीन तसा आहे. ऑर्क कोणाला घाबरून पळाले हे कळायच्या आत तुम्ही घाबरलेले असता.

नंतर तो पूर्ण दिसतो आणि अर्थात भारी दिसतो, खोटं कशाला बोला. पण पुलावरची एक गोष्ट मला पुस्तकातलीच हवी होती. पुस्तकात गॅन्डाल्फ त्याला पुलावर अडवतो तेव्हा बॅलरॉग उत्तरच देत नाही, त्याच्यातली आग विझत आल्यासारखी होते आणि अंधार वाढतो. डरकाळी नाही काही नाही. ओरडतो तो शेवटी, पूल मोडून खाली जाताना. सिनेमातला मात्र दारातून येतो तोच तोंड उघडून, गरम हवेची वाफ फेकत, आणि डॉल्बीवर खिडकीच्या काचा हलतात. जाऊ दे, सिनेमा आहे, सहाशे रुपयांचं तिकीट काढून आलेल्या माणसाला नुसता वाढता अंधार कसा दाखवणार, असं म्हणणारे असतील, पण लांबच्या उजेडाने जे जमवलं होतं तेच पुलावर जमलं असतं असं मला वाटतं. आणि जाता जाता, ज्यांना वाटतं की ते फेमस वाक्य पुस्तकातलं आहे त्यांनी पुस्तक उघडून बघा. पुस्तकात गॅन्डाल्फ म्हणतो ‘तुला जाता येणार नाही’, आणि ठणकावून ‘तू जायचं नाहीस’ असा जो हुकूम सोडतो तो सिनेमातला. मला दोन्ही चालतात, पण पहिल्यात तो नियम सांगतोय आणि दुसऱ्यात आवाज चढवतोय.

मोरियाच्या दाराशी पाण्यात एक जण राहतो, त्याला पुस्तकात धड नावही नाही, नुसता पाण्यातला पहारेकरी. फिकट हिरवे, चमकणारे, ओले हात एकामागून एक बाहेर येतात, एक, मग वीस, आणि ते कशाला जोडलेत हे पुस्तकभर कळत नाही. सिनेमात तोंड दाखवलंय. दाखवायला नको होतं. भाची म्हणाली अगं हा तर ऑक्टोपस. संपलं.

गुहेतला ट्रोल मात्र उलटा किस्सा. पुस्तकात तो जवळजवळ नाहीच, दाराच्या फटीतून एक खवलेवाला हात आणि खांदा येतो, खाली एक सपाट, बोटं नसलेला पाय, फ्रोडो त्या पायात तलवार खुपसतो आणि पाय परत जातो. सिनेमात त्या पायाचा पूर्ण प्राणी केलाय, गळ्यात साखळी, ऑर्क त्याला ओढत आणतात, आणि तो लढतो म्हणजे मोठ्या मतिमंद पोरासारखा धुडगूस घालतो, आणि मरताना जो चेहरा करतो तो बघून वाईट वाटतं. पुस्तकात फ्रोडोला भाला मारतो तो ऑर्कांचा सरदार, सिनेमात ट्रोल. पुस्तकवाले यावर नाराज असतात, मी नाही. इथे टॉल्किनने जागा मोकळी सोडली होती आणि सिनेमावाल्यांनी तिथे काहीतरी नवीन, जिवंत ठेवलं.

ऑर्कांबद्दल मी दोन्हीकडून बोलणार आहे. मेकअप बघा, हात जोडावेत असा. वेटा वर्कशॉपवाल्यांनी रबराचे मुखवटे, दात, कान, चिलखतं, सगळं हाताने केलंय, आणि चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० असं २७४ दिवस चाललं, रोज पहाटे खुर्चीत बसून तोंडाला फोम लेटेक्स चिकटवून घेणारे लोक, दुपारच्या उन्हात घामाने ते सुटायला लागायचं. लर्ट्‌झ नावाचा तो उंच उरुक-हाय (ऑर्कांचीच जास्त दांडगी जात), बोरोमिरला बाण मारणारा, तो पुस्तकात नाहीच, सिनेमासाठी जन्माला घातलाय, चिखलातून फाडून काढलेला दाखवलाय तो. लॉरेन्स माकोआरे या माओरी नटाने केलाय, आणि तोच पुढे विच-किंग, म्हणजे काळ्या घोडेस्वारांचा म्होरक्या, पण झालाय. खरा माणूस खऱ्या रबरात घामेजून उभा असला की समोरच्या नटाच्या डोळ्यांतही फरक पडतो. हॉबिटच्या सिनेमांत (टॉल्किनच्या आधीच्या पुस्तकावरचे, ते या पेटीत नाहीत, मी कुठूनतरी बघून ठेवलेत) अझोग नावाचा ऑर्क कॉम्प्युटरवर केलाय, पांढराफटक, गुळगुळीत, आणि पुस्तकात तर तो गोष्ट सुरू व्हायच्या कितीतरी आधी मेलेला आहे. मेलेल्याला उठवून आणला तो कशाला, तर तीन सिनेमे भरायला.

पण ऑर्कांचं एक पुस्तकात होतं ते हरवलं. शॅग्रॅट आणि गॉरबॅग म्हणून दोन ऑर्क मुकादम आहेत, ते अंधारात उभे राहून जे बोलतात ते वाचा एकदा. वरच्या लोकांना काही कळत नाही, चुका ते करतात निस्तरायचं आपण, युद्ध संपलं की चार भरवशाची पोरं घेऊन आपण कुठेतरी सटकू आणि आपलं आपलं काहीतरी सुरू करू. म्हणजे एमआयडीसीच्या गेटबाहेर टपरीवर सेकंड शिफ्ट सुटल्यावर जे ऐकू येतं ते. इतका जवळचा राक्षस मी दुसरीकडे वाचला नाही, कारण तो दुष्ट आहेच, पण दुष्टपणाच्या नोकरीला वैतागलेला आहे. सिनेमाने या दोघांना थोडंसं ठेवलंय, मढ्याभोवती भांडायला, पण ही बडबड नाही. अकरा तासांत दोन मिनिटं नव्हती यासाठी? आणि एक्स्टेंडेडमध्ये कवट्यांचा धबधबा घालायला वेळ होता. एक सीन मात्र जास्तीच्यातला चांगला, सॅम आणि फ्रोडो ऑर्कांच्या रांगेत अडकतात आणि चाबूक खात पळवले जातात तो, तो पुस्तकातला आहे आणि तिथे ऑर्क होणं म्हणजे काय याचा अंदाज येतो.

दुसऱ्या सिनेमात हेल्म्स डीप या किल्ल्याच्या बाहेर दहा हजार उरुक-हाय भाले आपटत ओरडतात, तो आवाज कुणाचा सांगू? क्रिकेटच्या प्रेक्षकांचा. फेब्रुवारी २००२, वेलिंग्टनचं स्टेडियम, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड वन-डे, आणि इनिंग संपल्यावर जॅक्सन स्वतः मैदानात उतरला आणि साधारण पंचवीस हजार लोकांकडून ऑर्कांच्या भाषेतल्या घोषणा ओरडून घेतल्या, शब्द मोठ्या स्क्रीनवर दाखवून. लोकांनी छाती बडवली, पाय आपटले. हे मी डीव्हीडीवर बघितलं आणि परत जाऊन तो सीन लावला, आणि तो दुप्पट अंगावर आला. उलट व्हायला पाहिजे होतं ना, की अरे हे तर सँडविच खाणारे लोक. पण कुठल्याही स्टेडियममध्ये पंचवीस हजार लोक एका सुरात एका माणसाच्या नावाने ओरडताना ज्याने ऐकलंय त्याला माहितीये की तो आवाज मुळात कसा असतो.

आता गॉलम, अंगठीपायी राक्षस झालेला, फ्रोडो आणि सॅमला वाट दाखवणारा. इथे मी सिनेमाला पैकीच्या पैकी द्यायला बसले होते, मग दोन मार्क कापले, ते का ते सांगते. गॉलम करणाऱ्या अँडी सर्किसला आधी नुसत्या आवाजासाठी बोलावलं होतं, काही आठवड्यांचं काम. तो घशातून जो आवाज काढतो तो त्याने घरच्या मांजरावरून उचलला, मांजर केसांचा गोळा ओकून काढतं ना, अंग आक्रसून, तो. मग तो सेटवरच अंगाला चिकटलेल्या कपड्यांत रांगायला लागला, आणि गॉलमचा चेहराच त्याच्यावर बेतून बदलला. पहिल्या सिनेमात अंधारात जो ओझरता दिसतो तो वेगळा आहे, डिस्क पॉज करून बघा, डोळे वेगळे, चेहरा वेगळा. टॉल्किनने हॉबिटमध्ये, १९३७ साली, गॉलम केवढा आहे हे नीट सांगितलंच नव्हतं, त्यामुळे टोव्ह जॅन्सन या चित्रकर्तीने १९६२ च्या स्वीडिश आवृत्तीत तो झाडाएवढा थोराड काढला होता. नंतर टॉल्किनने ‘लहानसा’ असं घालून घेतलं. म्हणजे राक्षसाची उंची एका चित्रामुळे ठरते कधीकधी.

तो स्वतःशी भांडतो तो सीन, दुसऱ्या सिनेमातला. सॅम आणि फ्रोडो झोपलेत, आणि स्मीगल, म्हणजे तो राक्षस व्हायच्या आधी जो होता तो, आणि गॉलम एकाच अंगात बसून भांडतात. पुस्तकात सॅम हे चोरून ऐकतो आणि टॉल्किन सांगतो की डोळ्यांत आळीपाळीने एक फिका आणि एक हिरवा उजेड येत होता. सिनेमात उजेड नाही. सुरुवातीला कॅमेरा एका चेहऱ्याभोवती इकडून तिकडे सरकतो, मग हळूच मध्ये कट यायला लागतात, जसे दोन माणसं समोरासमोर बोलताना येतात, आणि तुम्हाला कळतही नाही कधी तुम्ही ते दोघं म्हणून बघायला लागलात. कॉम्प्युटरची कमाल वगैरे सगळं ठीक, पण हे कात्रीचं काम आहे, साध्या एडिटिंगचं. भाची पण गप्प झाली, आणि शेवटी स्मीगल ‘निघून जा, परत येऊ नकोस’ म्हणतो तेव्हा टाळ्या वाजवल्या तिने.

मग मार्क का कापले? पायऱ्यांमुळे. किरिथ उंगोल या डोंगरखिंडीच्या पायऱ्यांवर पुस्तकात एक क्षण आहे. फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय, सॅमलाही डुलकी लागलीये, गॉलम बाहेरून परत येतो, खरंतर दोघांना कोळिणीच्या तोंडी द्यायची व्यवस्था करूनच, आणि त्यांना असं झोपलेलं बघतो. थबकतो. आणि हळूच हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो, जवळजवळ मायेने. त्या क्षणी कोणी बघितलं असतं तर त्याला तो एक थकलेला म्हातारा हॉबिट वाटला असता, ज्याचं सगळं आयुष्य मागे राहून गेलंय. तेवढ्यात सॅम जागा होतो, दचकतो, आणि टाकून बोलतो, कुठे चोरासारखा फिरत होतास म्हणतो. झालं. डोळ्यांतला तो म्हातारा गेला, हिरवी चमक परत आली. सॅम चांगला माणूस आहे, त्याची काही चूक पण नाही, अर्धवट झोपेत होता बिचारा, आणि तरी ते त्याच्या हातून झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून गच्चीत जाऊन उभी राहिले होते.

सिनेमात याच्या जागी काय आहे? गॉलम रोटीचे तुकडे सॅमच्या कपड्यांवर भुरभुरतो आणि सॅमने चोरून खाल्लं असं भासवतो, आणि फ्रोडो सॅमला घरी जा म्हणतो. अहो, ही तर सासूने सुनेच्या पदरावर साखर सांडून ठेवायची सिरियल झाली. ज्या राक्षसाच्या अंगात दोघे आहेत हे तुम्ही एवढ्या मेहनतीने दाखवलं त्यातला एक जण जवळजवळ जिंकत होता, तोच क्षण काढून टाकला. अकरा ऑस्कर मिळाले या तिसऱ्या सिनेमाला, मिळू देत, गुडघ्यावरचा हात मला कुणी परत देणार नाही.

पायऱ्यांनंतर शेलॉब, तीच ती राक्षसी कोळीण. कोळीण म्हटलं की आपल्याला आधी मासळीबाजार आठवतो, पण ही ती नव्हे. पुस्तकात ती दुसऱ्या भागाच्या शेवटी आहे, सिनेमाने तिसऱ्यात ढकललीये. टॉल्किनच्या एका मुलाला कोळ्यांची प्रचंड किळस होती म्हणून त्याने हॉबिटमध्ये कोळी घातले होते, आणि जॅक्सनला स्वतःलाच कोळ्यांची भीती आहे, आणि शेलॉब त्याने न्यूझीलंडच्या एका बिळातल्या कोळ्यावरून बेतली. ज्याला खरंच भीती वाटते त्यानेच राक्षस करावा, कारण त्याला नेमकं माहिती असतं कुठे भीती वाटते. पुस्तकातली शेलॉब जास्त विचित्र आहे, डोळ्यांचे झुबके, शिंगं, देठासारखी मान, सुजलेलं पोट. सिनेमातली त्यामानाने खऱ्या कोळ्याच्या जवळची आहे, आणि म्हणूनच जास्त वाईट, कारण बाथरूममध्ये जे दिसतं ते हेच. (नांगी पोटाच्या टोकाला आहे, खऱ्या कोळ्यांना तशी नसते.) फ्रोडो बोगद्यातून सुटतो, बाहेर उजेडात येतो, सगळ्यांना वाटतं सुटलो, आणि त्याच्या डोक्यावरच्या कड्यावरून ती हळूहळू खाली येते. संगीत जवळजवळ थांबवलंय. एक-एक पाय टेकतो. भाचीने उशी तोंडावर घेतली आणि उशीच्या आतून विचारलं, ‘गेली का?’ मी म्हटलं, ‘नाही गं अजून.’ मग मी पण उशीची एक बाजू धरली.

इथे पुस्तकात एक आहे जे पडद्यावर येऊच शकत नाही बहुतेक. शेलॉब कुणाच्या बाजूची नाही. साउरॉनला, म्हणजे सगळ्या दुष्टांच्या धन्याला, पण ती आपली पाळलेली मांजर वाटते आणि ती मात्र कुणालाच ओळखत नाही, तिला फक्त खायचंय. उंगोलियन्ट नावाच्या त्याहून जुन्या अंधाराची ती शेवटची पोर. सिनेमात हे मागचं काही कळत नाही, ती एक भयानक मोठी कोळीण म्हणून राहते, पण तेवढीही पुरते.

साउरॉनबद्दल थोडक्यात. पुस्तकात त्याला शरीर आहे, गॉलमने त्याचा काळा हात बघितलाय, चारच बोटं आहेत त्याला आणि तेवढी पुरतात म्हणतो. डोळा आहे, पण तो आरशात, मनात, भीतीत दिसणारा. सिनेमाने तो खरोखरचा बुरुजावर लावला, दीपगृहासारखा, आणि तिसऱ्या सिनेमात तर तो टॉर्च फिरवल्यासारखा मॉर्डोर हा आपला मुलुख धुंडाळतो. पहिल्या सिनेमात ठीक वाटतं, तिसऱ्यात हसू येतं. आणि बघा, अ‍ॅरागॉर्न काळ्या दरवाजाशी खुद्द साउरॉनशी लढतो असं शूट पण झालं होतं! सुबुद्धी सुचली आणि साउरॉनच्या जागी कॉम्प्युटरने चिलखतवाला ट्रोल बसवला. अर्धवट वाचले म्हणायचं.

आता ज्यासाठी लोक एक्स्टेंडेड घेतात ते जास्तीचे सीन. दोन राक्षसांचे सांगते. एक, साउरॉनचं मुख, म्हणजे त्याचा वकील. हा सीन फक्त याच आवृत्तीत आहे. ब्रूस स्पेन्सचं तोंड कॉम्प्युटरने मोठं केलंय, नुसते दात आणि ओठ, बाकी सगळं लोखंडाखाली, आणि ते बघताना पोटात कसंतरी होतं, झकास. पण मग अ‍ॅरागॉर्न घोडा जवळ नेतो आणि एका घावात त्याचं मुंडकं उडवतो. अरे! दूत आहे तो. पुस्तकात तो स्वतःच घाबरून ओरडतो की मी दूत आहे, मला हात लावता येणार नाही, आणि गॅन्डाल्फ त्याला शब्दांनी असा झोडतो की तो शेपूट घालून पळतो. जिवंत आणि भेदरलेला पळतो, म्हणजे मोठेपणा कुणाचा ते कळतं. मुंडकं उडवल्यावर मोठेपणा संपला आणि राक्षस पण.

दोन, विच-किंग आणि गॅन्डाल्फ. पुस्तकात मिनास तिरिथ या शहराचा दरवाजा फुटलाय, सगळे पळालेत, गॅन्डाल्फ एकटा घोड्यावर बसून समोर उभा. विच-किंग टोपडं मागे सारतो, मुकुट आहे पण खाली डोकं दिसत नाही, आणि तो हसतो. आणि त्याच वेळी शहरात कुठेतरी एक कोंबडा आरवतो. युद्धबिद्ध काही न कळणारा एक साधा कोंबडा, कारण पहाट झालीये. आणि लांबून मदतीला आलेल्या रोहनच्या फौजेची शिंगं. सगळ्या पुस्तकातलं माझं आवडतं पान. थिएटरवाल्या सिनेमात हे मुळीच नव्हतं, मी वर्षानुवर्षं हळहळत होते की एक्स्टेंडेडमध्ये आहे म्हणे, बघायला मिळालं पाहिजे. मिळालं. विच-किंग त्या उडत्या जनावरावरून येतो आणि गॅन्डाल्फची काठी फोडतो. फट्‌. गॅन्डाल्फ खाली. कोंबडा नाही. अख्ख्या न्यूझीलंडात एक कोंबडा मिळाला नाही यांना. जे नव्हतं तेच बरं होतं.

विच-किंग आणि बाकी नाझगूलच्या (तेच काळे घोडेस्वार) किंकाळीबद्दल मात्र मान झुकवते. ती फ्रॅन वॉल्शची आहे, सिनेमाची सहलेखिका आणि जॅक्सनची जोडीदार. कुठलं जनावर नाही, एक बाई माइकसमोर उभी राहून ओरडलीये.

घ्यायचं असेल तर काही गोष्टी. अमेरिकेहून मागवलीत तर ब्लू-रे माझ्या प्लेअरवर बिनबोभाट चालल्या, पण डीव्हीडी नाही, त्यांचं रीजन (डिस्क कुठल्या देशांत चालायची त्याचा कोड) एक आणि आपल्याकडचं पाच, प्लेअरने सरळ नकार दिला. विकणारे हे कधी सांगत नाहीत, मावसभावाला तर माहितीच नव्हतं. जुन्या लॅपटॉपला यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह लावा, एचडीएमआयने टीव्हीला जोडा, काम होतं. पहिल्या सिनेमाच्या या ब्लू-रेवर सगळीकडे हिरवट छटा आहे, बर्फ पण शेवाळलेला दिसतो, यावर तेव्हा बरीच ओरड झाली होती. २०२० च्या फोर-के संचात रंग सुधारलेत, पण त्यात मेकिंग नाही, म्हणजे माझ्या दृष्टीने अर्धी पेटी नाही. आवाजासाठी साधा साउंडबार पुरला मला. दहाच्या खालच्या पोरांना शेलॉबच्या वेळी एकटं बसवू नका. आणि रिटर्न ऑफ द किंग एक्स्टेंडेड न बघता थिएटरवाला बघा, हे मी पेटीवाल्यांनाही तोंडावर सांगेन.

नववी डीव्हीडी संपली त्या रविवारची गोष्ट. मेकिंगमध्ये बॅलरॉगचा आवाज कसा केला ते दाखवलंय, काँक्रीटचा एक ठोकळा लाकडी जमिनीवरून घासत ओढलाय, बस, एवढंच, कुठला वाघ नाही सिंह नाही. भाची हे बघून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं लाडू शोधतेय. दोन मिनिटांनी हॉलमध्ये आजीचा शिसवी पाट घेऊन आली आणि दुसऱ्या हातात वरवंटा. पाट फरशीवर ठेवला, वरवंटा त्याच्यावर उभा धरला आणि दोन्ही हातांनी दाबून अगदी हळू ओढला. कर्र्र्र करून तो आवाज खालून वर आला, पाटातून फरशीत आणि फरशीतून माझ्या पायात. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिने परत ओढला, जास्त हळू. पाटावर पांढरा ओरखडा उठला, त्याचं आईला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. आणि दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात पोळपाट तसाच, म्हणाल्या, ‘अगं, तुमच्याकडे काही पडलं का? आमच्या भिंतीत काहीतरी आहे असं वाटलं मला.’